ऐरणीचा तिसरा हात

"आज दिवस मावळायच्या आत जिन्याला फाटक लागलं नाही ना, तर नाव बदलून टाकीन मी माझं!" रविवारी सकाळी चहाचा कप बशीत आपटत भिंगरीच्या आईने जाहीर केलं.

"मग नवीन काय ठेवू या?" वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता लोहारबुवांनी विचारलं.

लोहारबुवा म्हणजे भिंगरीचे बाबा. पोटापाण्याला ते लोहार नव्हते. आठवडाभर विम्याच्या कचेरीत बसून 'उद्याचं काही सांगता येत नाही हो' असं ते लोकांना हसतमुखाने सांगत. पण एके दिवशी मोबाइलवर त्यांनी कुणालातरी लालभडक लोखंड मेणासारखं वळवताना पाहिलं, आणि भला माणूस हातचा गेला! घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी आली, पाठोपाठ ऐरण आली, आणि होत्या त्या भुवया गेल्या. आजवरची निर्मिती म्हणाल, तर एक हूक, जो भिंतीवर कमी आणि जमिनीवर जास्त असे. आणि दुसरी एक वस्तू, जी पान आहे की मासा, यावर घरात अजून एकमत झालेलं नव्हतं.

तर अशा कारागिराने जिन्याचं फाटक करायचं पत्करलं होतं! आणि ते उद्याच्या आत हवं होतं, कारण उद्यापासून भिंगरीची आई कामावर परत जाणार होती.

भिंगरी दीड वर्षाची. ती चालायला लागली आणि लगेच तिला जिन्याचा शोध लागला. तेव्हापासून घरातली कुठलीही वस्तू, खेळणं, माणूस तिला जिन्यापुढे फिकं वाटे. पाठ वळली की ही तिसऱ्या पायरीवर! आणि भिंगरीच्या आईचा स्वभाव असा, की सपाट जमिनीवर बसलेलं मूलही कुठून तरी पडू शकतं, यावर तिची श्रद्धा. औषधांच्या कारखान्यात ती तपासणी विभागात होती. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची, हेच शिक्षण आणि हीच नोकरी. घरातल्या टेबलांचे कोपरे तिने स्पंजात असे गुंडाळले होते, की पाहुण्यांना वाटे टेबलांचाच अपघात झालाय.

दिवसभर भिंगरीला सांभाळणार होत्या आजी, म्हणजे लोहारबुवांच्या आई. आजी खमक्या होत्या, पण आजींचे गुडघे म्हणजे संपावर गेलेले कामगार. रोज नवी मागणी!

"अगं, मी बसेन की जिन्यापाशी खुर्ची टाकून," आजी म्हणाल्या.

"आणि आई, डुलकी लागली तर?"

"डुलकी? मला? दिवसा डोळा मिटला नाही मी कधी."

"काल वाटाणे सोलताना तुम्ही घोरत होतात."

"ते विचार करत होते."

"विकतचं आणू या का सरळ?" भिंगरीच्या आईने नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

आता मात्र पेपर खाली आला. "घरात ऐरण असताना विकतचं फाटक? लोक काय म्हणतील!"

"सध्या जे म्हणतायत, त्यापेक्षा बरंच म्हणतील!"

"अगं, गज कापून तयार आहेत, पट्ट्या तयार आहेत. फक्त पट्ट्यांना भोकं पाडायची राहिलीत. पण त्याला तिसरा हात लागतो, त्याला मी काय करू?"

हे मात्र खरं होतं. तापलेली पट्टी ऐरणीवर धरायला एका हातात सांडशी हवी. भोक पाडायला दुसऱ्या हातात सुंबा, म्हणजे जाडजूड लोखंडी खिळाच तो. मग हातोडा काय दातांत धरायचा? म्हणून शेडमधून दर थोड्या वेळाने हाक येई, "अगं, येतेस जरा? फक्त धरायचंय!" भिंगरी कडेवर असताना तिच्या आईला आगीजवळ जाणं शक्य नव्हतं. एकदा आजींकडे पोर देऊन गेली, सांडशी धरली, आणि घाव पडताना दोन्ही डोळे गच्च मिटले. त्या भोकाचा फायदा पट्टीऐवजी ऐरणीखालच्या लाकडी ठोकळ्याला झाला.

लोहारबुवांनी साधा स्क्रूचा क्लॅम्पही लावून पाहिला होता. पण तो फिरवा, फिरवा, अजून फिरवा! पुरता आवळेपर्यंत लालबुंद पट्टी गार होऊन काळीठिक्कर पडे. परत भट्टीत घाला, परत फिरवा. त्या कामात फक्त मनगटाचा व्यायाम झाला.

"म्हणजे तुला एका झटक्यात आवळणारा क्लॅम्प हवा," भिंगरीची आई म्हणाली, आणि बोलता बोलता तिची नजर जेवणाच्या टेबलाकडे गेली.

टेबलाच्या कडेला भिंगरीची खुर्ची लटकत होती. पाय नसलेली, दोन दणकट क्लॅम्पांनी टेबलाला घट्ट पकडून राहणारी. ही खुर्ची घेण्यापूर्वी तिने जेवढा अभ्यास केला होता, तेवढा नवरा पसंत करतानाही केला नव्हता. आधी त्यात पिठाची गोणी बसवून पाहिली, मग पुस्तकं भरलेली बॅग, मग लोहारबुवांना एक पाय टेकवून उभं केलं. क्लॅम्प जागचा हलला नाही! आणि बसवायला किती सोपा! तरफ खाली दाबली की खट्! पोराने खेळता खेळता उघडू नये म्हणून सोडवायला दोन बाजूंची दोन बटणं एकदम दाबायची, बस्स.

"जो क्लॅम्प भिंगरीला धरून ठेवतो, तो लोखंडाला नाही धरणार?" ती विजयी मुद्रेने म्हणाली. "लोखंड निदान लाथा तरी मारत नाही!"

लोहारबुवांनी मुकाट्याने पाना आणून दिला. खुर्चीचा एक क्लॅम्प तिने स्वतः पान्याने सोडवला. ऐरणीच्या टोकाशी एक चौकोनी भोक असतं, त्यात क्लॅम्पची दांडी उभी घातली, लाकडाच्या पाचरी ठोकून पक्की केली, आणि गार पट्टी ऐरणीवर ठेवून तरफ दाबली. खट्! पट्टी जागच्या जागी! लोहारबुवांनी ओढली, ढकलली, शेवटी ऐरणीवर पाय देऊन खेचली. पट्टी ढिम्म!

"अगं, तू तर जादूगार निघालीस!"

"आता बोलू नकोस, भट्टी पेटव. आणि थांब, एप्रन नीट बांध आधी. असा लोंबता कशाला ठेवलायस?"

कातड्याचा एप्रन तिने स्वतः बांधला. दोऱ्या पाठीमागून फिरवून पुढे आणल्या आणि पोटावर गाठ मारली. गाठ मारली की तिचं कधी समाधान होत नसे, म्हणून वर दुसरी मारली, आणि सुटू नये म्हणून तिसरी.

भट्टी पेटली. पट्टी लाल झाली. लोहारबुवांनी ती सांडशीने उचलून ऐरणीवर ठेवली, भिंगरीच्या आईने तरफ दाबली. खट्! लोहारबुवांनी एका हाती सुंबा धरला, दुसऱ्या हाती हातोडा. ठण्! ठण्! ठण्! सुंबा आरपार! काठाला चरा नाही, की कुठे वाकडेपणा नाही. गोल गरगरीत भोक!

"झालं!" लोहारबुवा लहान मुलासारखे ओरडले.

"कसला वास येतोय?" भिंगरीची आई म्हणाली.

खुर्चीच्या क्लॅम्पला टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून रबराच्या गाद्या होत्या. तपासणी विभागात एवढी वर्षं काढलेल्या बाईने पिठाची गोणी तपासली, पुस्तकांची बॅग तपासली, नवरा तपासला. पण तापलेलं लोखंड आणि रबर यांची गाठ पडल्यावर काय होतं, एवढं तपासायचं राहून गेलं! आधी एक बारीक धुराची रेघ निघाली. मग काळ्या धुराचा असा लोट उठला, की शेडमध्ये दिवसाची संध्याकाळ झाली.

"सोडव! सोडव तो!"

"बटणं दाब!"

"दाबतेच आहे! एक दबतंय, दुसरं वितळलंय!"

"मग मी बाजूला होतो, तू..." म्हणत लोहारबुवा मागे सरले, आणि जागीच थांबले. "अगं... मी पण अडकलोय!"

तरफ दाबताना पट्टीबरोबर एप्रनचा खालचा कोपराही क्लॅम्पच्या जबड्यात गेला होता. खुर्चीने दिलेला शब्द पाळला होता. काही सुटत नव्हतं, हलत नव्हतं!

"एप्रन काढ ना मग!"

"काढतो... गाठ सुटत नाहीये. किती गाठी मारल्यास?"

ती पुढे वाकून गाठ सोडवू लागली. बघते तर काय, मघाच्या घाईत एप्रनच्या दोऱ्यांबरोबर लोहारबुवांच्या पायजम्याची नाडीही त्याच गाठींत गेलेली!

"कात्रीने कापते."

"खबरदार! नाडीही कापली जाईल!"

"मग जाऊ दे ना! जीव मोठा की पायजमा?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी लोहारबुवांनी कुंपणाकडे पाहिलं आणि त्यांचा निर्णय झाला. कारण कुंपणाच्या भिंतीवर शेजारच्या काकांचं डोकं उगवलं होतं. त्यांना सगळी गल्ली सावधान काका म्हणे. निवृत्त झाल्यापासून गल्लीच्या सुरक्षेची सगळी जबाबदारी त्यांनी, कुणीही न देता, स्वतःच्या शिरावर घेतली होती. गळ्यात कायम शिट्टी.

"सावधान!" काका गरजले. "आग! कुणी हलू नका!"

"हलता येतंय कुठे, काका!" लोहारबुवा कळवळून म्हणाले.

काकांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. भिंतीवर भराभर डोकी उगवली, कुंड्या मांडाव्यात तशी. आतल्या दारातून कडेवर भिंगरी आणि दुसऱ्या हातात एका बाजूला झुकलेली खुर्ची घेऊन आजी आल्या.

"या खुर्चीचा एक हात कुठे गेला गं? पोरीला बसवायला गेले तर..." आजींची नजर ऐरणीवर गेली, मग ऐरणीला बांधल्यासारख्या उभ्या असलेल्या मुलावर. त्यांना नवल वाटलं नाही. "अडकला वाटतं? लहानपणी पण असाच. कधी गजात डोकं, कधी पातेल्यात. तेल लावा, सुटेल."

"आई, आग आहे! तेल नको!"

"आई, तुम्ही भिंगरीला घेऊन लांब जा, खूप लांब!"

भिंगरी मात्र टाळ्या पिटत होती. इतका चांगला रविवार तिने आजवर पाहिला नव्हता.

एवढ्यात काका अंगणाच्या फाटकातून आत घुसले. नळाखाली एक भरलेली बादली होती. ती त्यांनी उचलली, "बाजूला व्हा!" म्हणाले, आणि बाजूला होणं ज्याला शक्य नव्हतं त्या एकट्यावर रिकामी केली! बादलीत आजींनी भिंगरीचे कपडे साबणात भिजवले होते. फस्स्स्! वाफेचा ढग उठला. ढग विरल्यावर दिसलं ते असं: लोहारबुवांच्या अंगावर फेस, खांद्यावर फ्रॉक, डोक्यावर एक इवलासा पायमोजा.

आणि गार पाणी पडल्याबरोबर वितळलेलं प्लॅस्टिक टचकन तडकलं. क्लॅम्प सुटला! इतका वेळ मागे खेचत असलेले लोहारबुवा तसेच सुसाट मागे गेले आणि कोळशाच्या ढिगात बसले. भिंतीवरच्या डोक्यांनी टाळ्या वाजवल्या.

"थँक्यू म्हणा," काका छाती फुगवून म्हणाले.

"थँक्यू," कोळशातून आवाज आला.

"आता पुरे!" आजींनी निकाल दिला. "उद्याच्या उद्या ती ऐरण घराबाहेर गेली पाहिजे. आणि सूनबाई, तू कामाला जा खुशाल. मी पोरीला पदराला बांधून ठेवीन."

भिंगरीची आई ऐरणीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांपुढे उद्याची दुपार आली: आजी विचार करतायत, म्हणजे घोरतायत, आणि पोर निघालीय वर. कामावर गेलेल्या बाईच्या छातीत दिवसभर हातोडा पडत राहणार. तिने काळवंडलेला क्लॅम्प उचलला, उलटसुलट पाहिला.

"आई, दुपारपर्यंत वेळ द्या मला," ती म्हणाली. "जबडा शाबूत आहे. चुकलं ते रबर आणि ती बटणं. जो क्लॅम्प पोराला सुटू नये म्हणून केलाय, तो लोहाराला लगेच सुटायला हवा, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही."

मग तिने रबर खरवडून काढलं, प्लॅस्टिक तोडून टाकलं, तरफेच्या टोकाला जाड तार बांधली आणि तारेचं खालचं टोक एका लाकडी फळीला. फळीवर पाय दाबला की जबडा आवळायचा, पाय उचलला की सुटायचा. ना खटका, ना बटण. लोहारबुवांचा एप्रन या वेळी तिने पाठीमागे बांधला. एकच गाठ.

ठण्! ठण्! ठण्! पाय उचल, पट्टी सरकव, पाय दाब. ठण्! ठण्! ठण्! एका दमात भोकामागून भोक! पाण्याची बादली घेऊन पहाऱ्याला बसलेले सावधान काकासुद्धा शेवटी बादली ठेवून भट्टीचा पंखा फिरवायला लागले. "सावधान! पट्टी लाल झाली!" एवढं मात्र दर वेळी ओरडत.

लोहारबुवांना तर आकाश ठेंगणं झालं. आयुष्यात पहिल्यांदाच लोखंड त्यांचं ऐकत होतं! त्यांनी आडव्या पट्ट्यांना पीळ दिले, हवी तिथे भोकं पाडली, नको तिथेही पाडली, आणि भोक दिसेल तिथे रिव्हेट, म्हणजे एकदा ठेचले की न निघणारे खिळे, ठोकले.

दुपारनंतर फाटक जिन्याच्या तळाशी उभं राहिलं. भिंगरीच्या आईने तपासणी सुरू केली. दोन गजांमधून डोकं जातं का, ते नारळाएवढा चेंडू घालून पाहिलं. काठांवरून कापसाचा बोळा फिरवला. जिथे एक तंतू अडकला तिथे लोहारबुवांना कानस मारायला लावली. मग फाटक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं.

"हलतंय."

"कुठे? इतकंसं?"

"इतकंसंही नको. अजिबात हलता कामा नये! या बाजूला अजून एक ठोक."

त्यांनी ठोकला. तिने पुन्हा हलवलं. त्याच बाजूला, खाली अजून एक! त्यांनी तोही ठोकला. आता फाटक पहाडासारखं उभं होतं. आजींनीही हात लावून पाहिला आणि कबूल केलं की ऐरण राहायला हरकत नाही. भिंगरी आली, गज धरून हिसके दिले, रडून पाहिलं, आणि खाली बसली. भिंगरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ती निर्धास्तपणे कामाला जाणार होती.

"छानच झालंय," आजी म्हणाल्या. "बरं, उघड आता. वरून माझी शाल आणायचीय."

लोहारबुवा पुढे झाले. डावीकडून ओढलं. उजवीकडून ओढलं. मग थोडा वेळ ते फाटकाकडे आणि फाटक त्यांच्याकडे बघत राहिलं.

"बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत?" भिंगरीच्या आईने विचारलं.

"इकडे."

"आणि कडी?"

"कडी... कडीच्या जागी तू दोन रिव्हेट मारायला लावलेस ना. तूच म्हणालीस, हलता कामा नये!"

"अरे, हलता कामा नये म्हणजे उघडता कामा नये असं नाही!"

"मग तसं सांगायचं!"

"हे फाटक आहे की खिडकी?" आजींनी विचारलं.

रिव्हेट कापायचे तर पुन्हा भट्टी पेटवायला हवी, आणि काका आत्ता कुठे घरी गेले होते. शेवटी असं ठरलं, की एवीतेवी फाटक कमरेपेक्षा खालीच आहे. मोठ्यांनी ओलांडून जावं, आणि उद्या संध्याकाळी बघू. लोहारबुवांनी ओलांडून शाल आणली. "बघ, किती सोपं!" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीची आई इस्त्रीचे कपडे घालून, खांद्याला पर्स लावून जिना उतरली. खाली आजींच्या शेजारी भिंगरी उभी होती, ओठ काढून, रडण्याच्या अगदी काठावर. आईने तिला घ्यायला हात पुढे केले. पण फाटक ओलांडल्याशिवाय जवळ जाणार कशी? तिने पर्स आजींकडे दिली, पीळ दिलेल्या आडव्या पट्टीवर एक पाय ठेवला, वरची कड धरली, दुसरा पाय पलीकडे टाकला, आणि धप्पकन खाली उतरली.

भिंगरीचे ओठ जागेवर आले. ती खुदकन हसली. "पुन्ना!"

रडणारं पोर हसलं, आणखी काय हवं? भिंगरीच्या आईने पुन्हा ओलांडून दाखवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकदा तर पाय कुठे ठेवायचा ते बोट लावून, सावकाश. भिंगरी टक लावून बघत होती. शेवटी तिने हसत हसत टाटा केला, आणि भिंगरीची आई पहिल्या दिवशी थोड्या उशिराने, पण हलक्या मनाने कामावर पोचली.

दुपारी डबा उघडत असताना फोन वाजला. आजी होत्या, आणि धापा टाकत होत्या.

"अगं, घाबरू नकोस. सगळं ठीक आहे. फाटक अगदी जागच्या जागी आहे, तसूभर हललेलं नाही."

"आणि भिंगरी?"

"ती वरच्या पायरीवर बसलीय. तू पाय ठेवलास ना, त्याच पट्टीवर ठेवला हो पोरीने. हुशार आहे."

"आई! तिला धरा! पण तुमचे गुडघे... तुम्ही वर कशा जाणार?"

"मी तिच्या शेजारीच बसलेय गं, धरून," आजी म्हणाल्या. "मलाही तिनेच दाखवलं, पाय कुठे ठेवायचा ते."